मारियानाची दोन बेटे

पश्चिम प्रशांत महासागरात, फिलिपिन्सच्या पूर्वेस, उत्तर-दक्षिण रांगेने पसरलेल्या मारियाना द्वीपमालेतील सायपान हे बेट अक्षांशाच्या हिशेबाने आपल्या गोव्याच्या जवळजवळ ओळीत येते. आणि म्हणूनच की काय, जून महिन्यात विमानतळाबाहेर पाऊल टाकताच अंगाला चिकटणारी दमट हवा, नारळीची दाटी आणि किनाऱ्यालगतच्या सडकेवर ओळीने फुललेला लालभडक गुलमोहर पाहून कोकणच्या माणसाला येथे फारसे परके वाटत नाही. हा आपलेपणा फार वेळ टिकत नाही, ही गोष्ट निराळी. विमानतळाच्या रस्त्यालगतच्या झुडपांतून काळवंडलेल्या सिमेंटचे बुटके, जाड भिंतींचे घुमट डोके वर काढतात, तेव्हा ध्यानात येते की ज्या जागी आपण उतरलो ती मुळात जपानी आरमाराच्या 'आस्लितो' या विमानतळाची जागा होय. १८ जून १९४४ रोजी अमेरिकनांनी ती जिंकली, तिच्यावर आपले भले थोरले विमानतळ उभारले, आणि त्याच वर्षीच्या २४ नोव्हेंबरला शंभरावर बी-२९ विमाने येथूनच टोकियोवर हल्ला करण्यासाठी उडाली.

या एका वाक्यात सायपानच्या लढाईचे सगळे कारण सामावलेले आहे. येथून टोकियो सुमारे चोवीसशे किलोमीटर, आणि बॉम्बगोळ्यांचा भार घेऊन तेवढे अंतर जाऊन परत येण्याची ताकद त्या वेळी जगात एकट्या बी-२९ या विमानात होती. बेटाची लांबी जेमतेम एकोणीस-वीस किलोमीटर आणि रुंदी त्याच्याही निम्मी. परंतु दोन साम्राज्यांच्या दृष्टीने त्याची किंमत त्याच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर नकाशावर कंपासाने काढलेल्या एका वर्तुळावर ठरली होती.

अमेरिकन फौज १५ जूनला ज्या किनाऱ्यावर उतरली तो चालान कानोआ आणि सुसुपे यांच्या आसपासचा पश्चिम किनारा आज सहलीला येणाऱ्यांचा आवडता किनारा आहे. प्रवाळाच्या कड्याने समुद्राची एक उथळ पट्टी अडवून धरल्यामुळे पाणी अत्यंत नितळ, फिकट हिरवे आणि बहुतेक ठिकाणी छातीपर्यंतच. त्या पाण्यात, काठापासून पोहत सहज जाता येईल इतक्या अंतरावर, शर्मन जातीचे रणगाडे गंजत उभे आहेत. त्यांचे बुरूज पाण्याच्या वर आलेले असून तोफेचे तोंड अजूनही किनाऱ्याकडेच वळलेले आहे. मी एका रणगाड्यापर्यंत गेलो. लोखंडाचे पोपडे हाताला लागताच निघून येत होते, आणि आतल्या काळोखात पिवळ्या पट्ट्यांच्या लहान माशांचा एक थवा कोणताही अडथळा न मानता ये-जा करीत होता.

अशीच प्रवाळाची आड या लढाईच्या सात महिने आधी तारावा येथे अमेरिकनांना महागात पडली होती. तेथे ओहोटीचे पाणी इतके उतरलेले होते की होड्या प्रवाळावर अडकल्या, शिपायांना शेकडो यार्ड पाण्यातून चालत जावे लागले, आणि एवढ्याशा बेटापायी सुमारे हजार माणसे मेली. त्या धड्यामुळे सायपानसाठी पाण्यात तरंगणारी आणि जमिनीवर साखळीपट्ट्यांनी सरपटणारी उभयचर वाहने शेकड्यांनी जमविण्यात आली, आणि पहिल्या वीस मिनिटांत सुमारे आठ हजार मरीन शिपाई काठावर उतरले. जपान्यांनी मात्र खाजणात अंतर दाखविणारी निशाणे आधीच रोवून आपल्या तोफांचा नेम बसवून ठेवला होता. त्यामुळे पहिल्याच दिवशी अमेरिकनांची दोन हजारांच्या आसपास माणसे ठार किंवा जखमी झाली.

जपानी शिबंदी तीस हजारांच्या घरात होती, पण तिची व्यवस्था विस्कळीत होती. एकतिसाव्या सैन्याचा मुख्य सेनापती ओबाता हा त्या दिवसांत पाहणीसाठी पलाऊकडे गेला होता, तो सायपानला परत पोहोचूच शकला नाही; म्हणून सगळा भार योशित्सुगु साइतो या त्रेचाळिसाव्या डिव्हिजनच्या अधिपतीवर येऊन पडला. तटबंदीसाठी निघालेले सिमेंट आणि पोलाद अमेरिकन पाणबुड्यांनी वाटेतच समुद्रतळाला पाठविले होते. आणि आरमाराचा प्रमुख म्हणून बेटावर कोण होता? चुइची नागुमो, पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या आरमाराचा नायक! मिडवेच्या लढाईत चार विमानवाहू नौका गमावल्यानंतर त्याची उतरती कळा सुरू झाली, आणि शेवटी ज्याच्या हाताखाली नाव घेण्याजोगे जहाज नाही असा एक 'मध्य प्रशांत आरमारा'चा हुद्दा त्याच्या वाट्याला आला.

मिडवेला ज्याने नागुमोचा पराभव केला तो रेमंड स्प्रूअन्सच सायपानच्या समुद्रात पाचव्या आरमाराचा सेनापती म्हणून उभा होता. मिडवेच्या वेळी हा मनुष्य मूळचा सेनापती नव्हताच. मूळचा सेनापती हॅल्सी त्वचारोगाने रुग्णालयात पडला, म्हणून ऐन वेळी त्याची जागा स्प्रूअन्सला मिळाली. त्याच्या अंगी नाटकीपणा नावालाही नव्हता. 'इंडियानापोलिस' या आपल्या ध्वजनौकेच्या डेकवर तो रोज तासन् तास येरझारा घालीत असे, रात्री वेळेवर झोपत असे, आणि वार्ताहरांना मजकूर पुरवावा असे त्याला कधी वाटले नाही. वृत्तपत्रांना असा सेनापती काय कामाचा? परंतु सायपान पाहून आल्यानंतर माझे मत असे बनले आहे की या बेटाच्या युद्धाचा निकाल तलवार उपसणाऱ्यांनी नव्हे, तर ती म्यानात ठेवण्याचे धैर्य असणाऱ्यांनी लावला. आणि त्यांत पहिला मान स्प्रूअन्सचा.

हे नीट उमजण्यासाठी ताप्पोचाव या डोंगरावर जावे. उंची ४७४ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने टेकडीच. वर जाणारी वाट खडकाळ आणि खड्ड्यांची असून भाड्याची साधी मोटार नेण्यास मालक लोक नाखूष असतात. माथ्यावर उभे राहिले की चहूकडे समुद्र आणि दक्षिणेस सामुद्रधुनीपलीकडे टिनियन या शेजारच्या बेटाची सपाट पाठ दिसते. १८ जूनच्या रात्री याच पश्चिमेकडच्या समुद्रात सेनापती ओझावाचे जपानी आरमार नऊ विमानवाहू नौकांसह चाल करून येत आहे, अशी बातमी स्प्रूअन्सला मिळाली. विमानवाहू दलाचा प्रमुख मार्क मिचर याने विनंती केली की रातोरात पश्चिमेकडे वळून पहाटे शत्रूवर तुटून पडू द्यावे. प्रत्येक दर्यावर्दी ज्याची आयुष्यभर वाट पाहतो असा तो क्षण होता. स्प्रूअन्सने तासभर विचार केला आणि नकार दिला. त्याचे म्हणणे इतकेच की आपले काम सायपानवर उतरलेल्या फौजेचे रक्षण करणे हे आहे. आपण पुढे गेलो आणि शत्रूची दुसरी तुकडी वळसा घालून किनाऱ्यावरच्या जहाजांवर पडली, तर वर उतरलेल्या माणसांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

दुसऱ्या दिवशी ओझावाची विमाने लाटांमागून लाटा अशी चालून आली, आणि सायंकाळपर्यंत त्यांपैकी तीनशेहून अधिक नष्ट झाली; अमेरिकनांची गेली ती तिसाच्या आसपास. 'ताइहो' आणि 'शोकाकु' या दोन प्रचंड विमानवाहू नौका पाणबुड्यांनी बुडविल्या. २० जूनच्या उत्तर दुपारी शत्रू सापडला तो अंतराच्या टोकाला. तरीही मिचरने विमाने सोडली, 'हियो' ही तिसरी नौका बुडाली, आणि इंधन संपत आलेली विमाने काळोखात परत येऊ लागली, तेव्हा पाणबुड्यांचे भय बाजूस सारून मिचरने सगळ्या आरमाराचे दिवे लावण्याचा हुकूम दिला. वैमानिक मंडळी पुढे वर्षानुवर्षे स्प्रूअन्सला दूषणे देत राहिली, की त्याने शत्रूच्या सहा नौका हातच्या सोडल्या. पण त्या सहा नौकांवर चढविण्यास शिकलेले वैमानिक जपानकडे उरलेच नव्हते. आणि चारच महिन्यांनी लेटेच्या आखातात त्या रिकाम्या नौकांचे आमिष दाखविताच हॅल्सी त्यांच्यामागे उत्तरेकडे धावला, सान बर्नार्दिनोची सामुद्रधुनी उघडी पडली, आणि स्प्रूअन्सला ज्याचे भय वाटले होते नेमके तेच घडता घडता राहिले. आरमाराचा मुख्याधिकारी अर्नेस्ट किंग हा कोणाची स्तुती करण्याबद्दल प्रसिद्ध नव्हता. तो जुलैत सायपानला आला असता त्याने स्प्रूअन्सला, लोक काहीही म्हणोत, तुमचा निर्णय बरोबर होता, अशा अर्थाचे सांगितले.

जमिनीवरचा सेनापती याच्या अगदी उलट. हॉलंड स्मिथ हा मरीन दलाचा अधिकारी तापट म्हणून इतका गाजलेला होता की शिपायांनी त्याला 'आरडाओरडा करणारा वेडा' अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. ताप्पोचावच्या पूर्व उताराखाली एक लांबट दरी आहे. दोन्ही बाजूंच्या गुहांतून जपानी तोफा तिच्यावर रोखलेल्या होत्या. त्या दरीतून पुढे सरकण्याचे काम न्यूयॉर्ककडच्या सत्ताविसाव्या पायदळ डिव्हिजनला दिले गेले, आणि ती हळू चालते या रागाने हॉलंड स्मिथने २४ जूनला तिचा सेनापती राल्फ स्मिथ याला बडतर्फ केले. आज त्या भागात घरे आणि बागा आहेत; पण उतार, दोन्हीकडचे कडे आणि उघडे मैदान पाहता येथे घाई करा असे सांगणे जितके सोपे, तितके ते अमलात आणणे सोपे नव्हते, हे युद्धशास्त्र न शिकलेल्यालाही दिसते. पुढे लष्कराने सायमन बकनर याच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. तिने निकाल दिला की असा हुकूम काढण्याचा अधिकार हॉलंड स्मिथला होता, परंतु वस्तुस्थिती पाहता तो हुकूम समर्थनीय नव्हता. या दोन स्मिथांच्या भांडणाने लष्कर आणि मरीन यांच्यात जे वितुष्ट आले ते वृत्तपत्रांनी चवीने चघळले. आणि दैवाचा खेळ असा की लढाईचा शेवटचा व सर्वांत भयंकर तडाखा सोसावा लागला तो याच डिव्हिजनला.

साइतोने ६ जुलैच्या सकाळी एका गुहेत आत्महत्या केली. नागुमोनेही त्याच सुमारास आपला शेवट करून घेतला. मरण्यापूर्वी साइतोने उरल्यासुरल्या सर्वांना अखेरचा हल्ला करण्याचा हुकूम सोडला होता. ७ जुलैच्या पहाटे चार हजारांच्या आसपास माणसे, ज्यांत लंगडणारे, पट्ट्या बांधलेले, काठीला संगीन लावलेले असे अनेक होते, तानापागच्या मैदानावर सत्ताविसाव्या डिव्हिजनच्या दोन पलटणींवर येऊन आदळली. दोन्ही पलटणी जवळजवळ नष्ट झाल्या. हल्लेखोर तर बहुतेक सगळेच मेले. बेन सॅलोमन नावाचा दंतवैद्य जखमींचा तंबू राखताना एकटाच मशीनगनवर बसून मेला. त्याला सर्वोच्च पदक मिळण्यास २००२ साल उजाडले. ९ जुलैला बेट जिंकल्याचे जाहीर झाले आणि १८ जुलैला टोकियोत तोजोने पंतप्रधानपद सोडले. अमेरिकनांचे तीन हजारांवर लोक येथे पडले.

बेटाच्या उत्तर टोकाला मार्पी येथे प्रवासी कंपन्या 'अखेरचे सैन्यठाणे' म्हणून एक तटबंदीची गुहा दाखवितात. समोर तोफा आणि एक गंजका रणगाडा मांडलेला असून छायाचित्रासाठी जागा सोयीची आहे. साइतो मात्र येथे मेला नाही. त्याची गुहा बरीच दक्षिणेकडच्या दरीत होती. परंतु तेथे मोटारी लावायला जागा नाही, आणि पर्यटनाच्या दरबारात हा पुरावा निर्णायक मानला जातो. मार्पीचे दोन कडे मात्र खरे आहेत. एक आतल्या बाजूस डोंगराचा, दुसरा थेट समुद्रावरचा. या कड्यांवरून शेकडो जपानी नागरिकांनी, मुलाबाळांसकट, उड्या घेतल्या; शत्रू आपले हाल करील हे त्यांना पढविले गेले होते, आणि काहींना आपल्याच शिपायांनी ढकलले. समुद्राकडच्या कड्यावर स्मारकशिळांची रांग आहे, जपानी, ओकिनावी, कोरियन अशा वेगवेगळ्या लोकांच्या; २००५ साली सम्राट अकिहितो यांनी येथे येऊन समुद्राकडे तोंड करून मस्तक लवविले.

या कड्यांची कथा इतकी प्रसिद्ध आहे की दुसरी गोष्ट कोणी सांगतच नाही: उडी न घेतलेल्यांची संख्या घेतलेल्यांच्या कितीतरी पट होती. सुसुपे येथील छावणीत दहा हजारांहून अधिक नागरिक जिवंत येऊन पोहोचले. त्यांना गुहांतून बाहेर काढण्याच्या कामी गाय गॅबाल्डन नावाच्या अठरा वर्षांच्या एका मरीनचा मोठा वाटा होता. लॉस एंजेलिसमध्ये एका जपानी कुटुंबाच्या घरी वाढल्यामुळे त्याला तोडकीमोडकी जपानी येत होती. तेवढ्या भांडवलावर तो रात्री एकटाच गुहांच्या तोंडाशी जाऊन बोलत बसे आणि शेकडो माणसे घेऊन परत येई. उलट बाजूला कॅप्टन साकाए ओबा हा आपल्या तुकडीसह डोंगरात लपून राहिला आणि युद्ध संपल्यानंतरही महिने लोटले तेव्हा, १ डिसेंबर १९४५ रोजी, सेहेचाळीस माणसांसह शिस्तीत उतरून शरण आला.

मूळ रहिवासी चामोरो आणि कॅरोलिनियन लोकांना हे युद्ध कोणी विचारून केलेले नव्हते. स्पेनचा अंमल सोसून झाला, १८९९ साली स्पेनने त्यांना जर्मनीला विकले, १९१४ त जपान आला. जपानने बेटभर ऊस लावला. अमेरिकेत, लुइझियानात, साखरेचे शास्त्र शिकून आलेल्या हारुजी मात्सुए याने येथे कारखाने उभारले, आणि त्याचा पुतळा गारापानच्या बागेत डोक्यात गोळीचे भोक घेऊन अजून उभा आहे, शेजारी उसाच्या गाडीचे लहानसे इंजिन. अमेरिकनांनी बेट 'मुक्त' केले खरे, पण या लोकांना सुसुपेच्या कुंपणाआडच ठेवले. सुटका झाली ४ जुलै १९४६ रोजी, आणि बेटावर मुक्तिदिन पाळतात तो त्या तारखेला. लढाईत जळून उघड्या पडलेल्या जमिनीची धूप थांबावी म्हणून अमेरिकनांनी विमानातून एका झाडाचे बी फेकले. आज डोंगर त्याने गच्च भरलेले आहेत, आणि पाने हातात घेऊन पाहिली तर ती आपल्याच ओळखीची: उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी शेतकऱ्यांच्या बांधावर नेलेली सुबाभूळ! चपट्या तपकिरी शेंगा, वाळून कडकडणाऱ्या, येथल्या प्रत्येक गुहेच्या तोंडाशी लोंबत असतात.

टिनियनला लहान विमानाने दहा-बारा मिनिटांत जाता येते. तेथे उतरावे कोठे, यावरून अमेरिकन अधिकाऱ्यांत जोराची खडाजंगी झाली होती. सोयीचा रुंद किनारा दक्षिणेकडे गावाजवळ होता, आणि तटबंदीही अर्थात तेथेच. उभयचर मोहिमांचा कडक प्रमुख केली टर्नर त्याच किनाऱ्याच्या बाजूने होता. हॅरी हिल आणि, येथे मात्र संयमी ठरलेला, हॉलंड स्मिथ यांनी वायव्येकडचे दोन चिंचोळे किनारे सुचविले, एक सुमारे साठ यार्डांचा, दुसरा एकशेसाठ यार्डांचा. स्प्रूअन्सने सर्वांना एकत्र बसविले, टर्नरचे मन वळले. २४ जुलैला गावासमोर खोटा हल्ला दाखविण्यात आला, त्यात 'कोलोरॅडो' या युद्धनौकेने किनाऱ्यावरच्या तोफांचे बावीस गोळे खाल्ले. आणि तेवढ्यात खरी फौज त्या दोन फटींतून आत शिरली. नऊ दिवसांत बेट पडले. मी तो साठ यार्डांचा किनारा पायी ओलांडला: प्रवाळाचे धारदार दगड, मध्ये वाळूचा पट्टा, आणि मागे लगेच जंगल. एखाद्या सरदाराच्या वाड्याचे अंगणही यापेक्षा मोठे असते.

तेथून थोड्याच अंतरावर उत्तरेकडचा विमानतळ. अमेरिकन बांधकाम पलटणींनी येथे प्रत्येकी अडीच किलोमीटरहून लांब अशा चार धावपट्ट्या टाकल्या, आणि बेटाचा आकार मॅनहॅटनसारखा म्हणून रस्त्यांना 'ब्रॉडवे', 'आठवा अॅव्हेन्यू' अशी नावे दिली. ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियो जाळण्यास निघालेल्या विमानांपैकी पुष्कळ या बेटांवरचीच होती. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. धावपट्टीलगत काचेच्या छपराखाली दोन आयताकार खड्डे राखलेले आहेत. अणुबॉम्ब इतका मोठा होता की तो विमानाच्या पोटाखाली सरकविता येईना. म्हणून बॉम्ब खड्ड्यात उतरवावा, विमान वर आणून उभे करावे आणि खालून तो यंत्राने वर उचलावा, अशी योजना होती. ६ ऑगस्ट १९४५ च्या पहाटे पावणेतीनला वैमानिक टिबेट्सचे 'एनोला गे' हे विमान असा बॉम्ब घेऊन येथून निघाले, तीन दिवसांनी 'बॉक्सकार'. हिरोशिमाच्या बॉम्बचे भाग येथे आणून पोहोचविणारे जहाज होते स्प्रूअन्सचे जुने 'इंडियानापोलिस', आणि पुढे लेटेकडे जाताना, ३० जुलैला, जपानी पाणबुडीने ते बुडविले.

धावपट्ट्यांवरची सुबाभूळ आता यंत्रांनी उपटली जात आहे. अमेरिकन हवाई दल हा तळ पुन्हा वापरात आणीत आहे. बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग १९८३ च्या करारनाम्याने पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्यावर लष्कराकडे असून तो आणखी पन्नास वर्षे वाढविण्याची मुभा त्या करारातच आहे. मला मोटारीतून फिरविणारे चामोरो गृहस्थ त्या जमिनीच्या काठाला परवान्यावर गुरे चारीत. बॉम्बच्या खड्ड्यांविषयी त्यांनी चार वाक्यांत सांगितले. परवान्याची मुदत, कुंपण कोणी घालावे आणि नव्या कामामुळे पाणवठ्याकडची वाट बंद होणार की काय, याविषयी मात्र विमानाची वेळ होईपर्यंत बोलत होते.